बळदाखालची माती

लातुरात मी माती विकून संसार केला, असं सांगितलं की नांदेडचे आमचे पाव्हणे आजही हसतात. त्यांचं चुकत नाही. ज्या मुलखात पावसाळ्यात चप्पल काळ्या मातीत रुतून बसते आणि माणूस अनवाणी पुढं जातो, तिथं माती पिशवीत भरून विकणारा इसम लबाड तरी असणार नाही तर वेडा तरी. माझी बायको मला दुसऱ्या गटात धरते. "तुमना माटी के सिवा कुछ सूझता बी है क्या?" हे वाक्य मी लग्नापासून ऐकत आलोय, आणि खरं सांगायचं तर नाही सुचत.

आडनाव बागवान, पण आमच्या घरात बाग कुणी लावली नव्हती. आजोबा आणि अब्बा फळं विकायचे. झाडांशी माझी गाठ पडली ती नांदेडला, मामूंच्या रोपवाटिकेत. डोळा भरायला, कलम बांधायला मामूंनी महिन्याभरात शिकवलं. माती ओळखायला शिकवताना मात्र त्यांचे केस पिकले. ते माती मुठीत दाबायचे, बोटांनी मोडायचे, नाकाशी न्यायचे आणि मग आणणाऱ्याला एकच प्रश्न विचारायचे, "कहाँ की है?" कुठली आहे? गोदावरीचा गाळ असो की कुणाच्या परसातली, ठिकाण कळल्याशिवाय माती आत यायची नाही. नीट उत्तर मिळालं नाही तर भरलेली गाडी परत जायची. मला तेव्हा ते म्हाताऱ्याचं खूळ वाटायचं.

पुढं मी लातूरला, नांदेड रोडला, स्वतःची रोपवाटिका टाकली. उदगीरकडून तांबडी माती आणायची, त्यात काळी थोडी, शेणखत भरपूर, असं माझं मिश्रण. सुरुवातीला गिऱ्हाईक म्हणजे बँकेतले साहेब आणि दवाखाने. भूकंपानंतर काही वर्षं तर रोपं कोण घेणार, लोकांना छपराखाली झोपायचीच भीती होती. मग हळूहळू शहर वेगळ्याच कारणानं भरू लागलं. गल्लोगल्ली शिकवण्यांच्या पाट्या लागल्या, घरमालकांनी गच्चीवर पत्र्याच्या खोल्या चढवल्या, आणि अकरावी-बारावीच्या पोरांबरोबर त्यांच्या आया लातूरला मुक्कामी आल्या. पोरगं दिवसभर क्लासला. आई एका खोलीत. रानात वाढलेली बाई नुसती बसेल किती? आठवड्याभरात तिच्या खिडकीत तुळस यायची, महिन्यात तेलाच्या डब्यात मेथी, आणि वर्ष सरेपर्यंत जिन्यात टोमॅटो. माझा धंदा या आयांनी उभा केला. डॉक्टर त्यांची पोरं झाली, पोटापाण्याला मी लागलो.

परीक्षा संपली की या आया गावाला परत जायच्या. पोरगं न्यायचं, गाद्या न्यायच्या, भांडी न्यायची. कुंड्या कोण नेणार? मे महिन्यात लातूरच्या गल्ल्यांत फाटकापाशी कुंड्यांची रांग लागायची. मी हातगाडा घेऊन ती टाकून दिलेली माती गोळा करायचो. आमचे पाव्हणे याच्यावर तर जास्तच हसतात.

बाहेरच्या माणसाला वाटतं की जुनी माती म्हणजे मेलेली माती. तसं नसतं. ती थकलेली असते, कधी आजारी असते. मी आधी मुळं चाळून बघायचो. मुळांना मण्यांसारख्या गाठी दिसल्या तर सूत्रकृमी आहेत. जाड पांढरी अळी निघाली तर हुमणी. मग ती माती ओली करायची, जमिनीवर पातळ पसरायची, वर पारदर्शक प्लास्टिक अंथरून कडा दाबून टाकायच्या आणि लातूरच्या उन्हाच्या हवाली करायची. आपल्याकडं दुसऱ्या कशाची टंचाई असेल, उन्हाची नाही. महिना-दीड महिना तापली की बरीचशी रोगराई मरते. नंतर शेणखत, थोडी निंबोळी पेंड, आणि शेवटी परीक्षा. एका डब्यात ही माती, दुसऱ्यात खात्रीची, आणि दोन्हींत चवळीचे दाणे. चवळी खोटं बोलत नाही. माती बरी नसेल तर कोंब वाकडा येतो, पानं मुडपतात, नाही तर उगवतच नाही.

अहमदपूरच्या एका बाईंच्या टोमॅटोची पानं अशीच मुठीसारखी वळली होती. त्यांना खात्री होती की समोरच्या खोलीतल्या बाईची दृष्ट लागली, कारण त्या बाईच्या पोराला चाचणीत कमी मार्क पडले होते. कुंडीवर लिंबू-मिरची बांधून झाली होती. मी कुंडीत हात घातला तर मातीवर गव्हाचा भुसा अंथरलेला. ओल टिकावी म्हणून त्यांनी घरच्या खळ्यावरून पोतं भरून एसटीनं आणला होता. गव्हात तण मारायचं औषध फवारलं होतं का, असं विचारलं तर म्हणाल्या, "व्हय, ह्यावर्षी लई तण होतं." ते औषध गव्हाला सोडतं आणि रुंद पानाच्या रोपाला धरतं. दोन डब्यांत चवळी लावली, एकात भुसा टाकला, एकात नाही. भुशातली चवळी मुडपली. बाईंनी भुसा काढला, लिंबू मात्र राहू दिलं. असू दे म्हणाल्या, दोन्ही बाजूंनी बरं.

दुसऱ्या एका माउलीनं पोराच्या जुन्या नोट्स फाडून वाफ्यावर अंथरल्या होत्या. साधा कागद, काळी शाई, काही बिघडत नाही. फक्त क्लासच्या जाहिरातींचे गुळगुळीत रंगीत कागद मी वेचून काढायला लावले. रसायनशास्त्रावर कोथिंबीर फार छान आली. पोराला तितकं आलं नाही.

तर असा मी चवळीच्या भरवशावर चालणारा माणूस. चवळीनं हो म्हटलं की माती पास. गयाक्कांच्या गच्चीवर जाईपर्यंत माझा हाच समज होता.

गयाक्का माझं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात बेकार गिऱ्हाईक. बेकार अशासाठी की त्या काही विकत घ्यायच्या नाहीत. शिकवणीच्या पोरांची मेस चालवायच्या आणि माझ्या दुकानात येऊन फुटक्या बादल्या, उरलेली माती, वाळकी पानं मागून न्यायच्या. "रशीदभाऊ, ह्ये तुमी फेकूनच देणार हाव नव्हं?" असं म्हणत उचलायच्याच. फेकून देणं हा शब्द त्यांना सोसत नसे. त्याचं कारण लातुरात कुणाला विचारावं लागत नव्हतं. त्यांचं गाव औशाकडचं. भूकंपाच्या पहाटे त्या लहानग्या लेकीला, संगीताला, घेऊन भावाकडं गेलेल्या होत्या. घरी मालक होते आणि मुलगा होता. दगडामातीचं घर बसलं आणि दोघंही त्यात गेले. सरकारनं गाव दुसरीकडं वसवलं, पण गयाक्का तिकडं राहिल्या नाहीत. मदतीचा पैसा आणि विकलेल्या रानाचा पैसा घालून लातूरला घर बांधलं आणि चूल पेटवली ती परक्यांच्या पोरांसाठी.

रान गेलं तरी त्यांनी येळवस सोडली नाही. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: वेळ अमावस्येला, म्हणजे ऐन थंडीत, आमचं अर्धं लातूर रानात जातं. कडब्याची कोप, म्हणजे खोपी, उभारायची, तिच्यात पाच दगड मांडून पांडव पुजायचे, आणि मग अंबील, ज्वारी-बाजरीचे उंडे आणि भज्जी. ही भज्जी म्हणजे तळलेली नव्हे. रानातल्या साऱ्या ताज्या भाज्या, ओले हरभरे, तुरीचे दाणे, वाल, मेथी, गाजर, सगळं एकत्र बेसनात आणि चिंचेच्या कोळात शिजवायचं. ज्याचं रान नाही त्याला कुणीतरी आपल्या रानात बोलवतंच. गयाक्कांना बोलावणी पुष्कळ असायची. त्या जायच्या नाहीत. त्या गच्चीवरच कोप उभारायच्या, गच्चीवरचीच भाजी तोडायच्या आणि मेसची पोरं पंगतीला बसवायच्या. भौतिकशास्त्राला कंटाळलेली ती पोरं भज्जी अशी ओरपायची की भांडं घासायला काम राहायचं नाही. मलाही आमंत्रण असायचं आणि मी कधी चुकवलं नाही.

त्या वर्षी संगीता पहिल्या बाळंतपणाला उदगीरहून माहेरी आली होती. सातवा सरत आला होता. येळवस पंधरवड्यावर होती, आणि गयाक्कांनी मला फाटकातूनच हाक मारली.

"रशीदभाऊ, वर या. तुमच्या दुकानाला टाळं लावायची येळ आली."

"का हो अक्का?"

"या तर खरं."

गच्चीच्या पूर्वेच्या कडेला नवी टबं मांडली होती. त्यांतली भाजी बघून मला आधी धंदेवाल्याचा मत्सर वाटला, तो कबूल करतो. पालकाची पानं तळहाताएवढी. मेथी दाट. वाल काठीवर चढून फुलला होता, गाजरांचे शेंडे भरघोस.

"एक किडकं पान दाखवा," गयाक्का म्हणाल्या. "समदं संगीसाठी केलंय. आवंदाची भज्जी निस्ती ह्याच भाजीची. लेकराला आजोळचं कायतरी लागाया पायजे."

मी किडकं पान शोधलं. सापडलं नाही. मावा नाही, नागअळी नाही. मग मला दुसरंच दिसलं. मेसच्या गच्चीवर मुंग्या असायच्याच, खरकटी भांडी तिथंच वाळत पडायची. जुन्या बादल्यांवर मुंग्यांच्या रांगा होत्या. या नव्या टबांपर्यंत रांग यायची आणि वळून बाजूनं जायची. मी एका टबात बोट खुपसलं. गांडूळ नाही, गोम नाही, साधा किडा नाही.

"अक्का, ही माती कुठली?"

"वळखा की. तुमी तर मातीचे डाक्टर."

मी मुठीत दाबली. भुरकट, मऊ, चुन्याचे कण. "पांढरी दिसते."

"पांढरीच हाय. पर कुणाची? आमच्या घरची." त्यांचा चेहरा असा उजळलेला मी पूर्वी पाहिला नव्हता. "दसऱ्याला टेम्पो करून गेले. समदीकडं येड्या बाभळी माजल्यात. दगडाचा ढीग. पर बळदाचा कोपरा वळखू आला, चुना हुता ना त्याला. तिथलीच काढली."

गावठाणातल्या जुन्या मातीला आम्ही पांढरी म्हणतो. पिढ्यान्‌पिढ्यांची राख, शेण, भिंतींचा गाळ त्यात मुरलेला असतो. तिच्यासारखं खत नाही, हे मराठवाड्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, आणि ते खरंही आहे. भूकंपानंतर पडक्या गावांतून किती गाड्या पांढरी रानोरान गेली त्याला गणती नाही. गयाक्कांनी जे केलं ते कुणीही शहाण्या कुणब्यानं केलं असतं. पण बळद म्हणजे भिंतीतलं धान्याचं कोठार. वर्षाची ज्वारी त्यात भरायची आणि वरून बंद करायची. ती माती मी नाकाशी नेली. कोंदट, कडसर वास आला. लहानपणी अब्बांबरोबर आडतीत जायचो तेव्हा धान्याच्या कोठ्यांतून असाच वास यायचा.

"बळदात पावडर टाकायचे का हो?"

"टाकायचे की. बीएचसी. दरसाल बळद भरायच्या आधी आमचे मालक भुईवर, भिंतीला चांगली चोळायचे. बी-बियाणाला तर लईच. आमच्या ज्वारीला कधी किडा लागला न्हाई."

तेवढ्यात संगीता चहा घेऊन वर आली. कप कठड्यावर ठेवले, वाकता येत नव्हतं तरी एका हातानं आधार घेऊन गाजर उपटलं, पदराला पुसलं आणि तोंडाशी नेलं.

"थांब पोरी, खाऊ नको," मी म्हणालो. माझा आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. ती दचकली. गयाक्का माझ्याकडं बघत राहिल्या.

मग मी सांगितलं, जमेल तसं सांगितलं. ही पावडर किडा मारायची आहे, रोप मारायची नाही. म्हणून रोप उलट जोमानं येतं. ती पाण्यात सहजी विरघळत नाही, उन्हात लवकर जळत नाही, ढिगाखाली कोरडी पडली तर वर्षानुवर्षं राहते. गाजर-मुळ्यासारखे कंद ती ओढून घेतात, पालेभाजीला मातीचे शिंतोडे लागतात. ती अंगात साठते आणि पोटातल्या लेकरापर्यंत जाते. चवळी लावून हे कळत नाही. चवळी फक्त चवळीपुरतं सांगते, आपल्या पोटाचं सांगत नाही. हे वाक्य मी तेव्हा गयाक्कांना समजावताना बोललो, आणि बोलता बोलता माझं मलाच पहिल्यांदा नीट कळलं.

गयाक्कांनी ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाल्या, "रशीदभाऊ, त्याच बळदातली ज्वारी खाऊन मी दोन लेकरं वाढवली."

"धुऊन, पाखडून, दळून खाल्ली अक्का."

"त्या मातीत माझी माणसं हायती. ती माती माझ्या लेकीचं वाईट करंल?"

मी चहा न पिता खाली उतरलो.

दोन दिवसांनी कळलं की अक्कांनी एका टबातली माती पिशवीत घालून माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत नेली. त्या कच्च्या गुरूच्या चेल्या नव्हत्या. अहवाल आला तो उत्तम. स्फुरद भरपूर, पालाश भरपूर. मेसच्या पोराहाती त्यांनी मला निरोप धाडला, "सरकार म्हणतंय माती झ्याक हाय." मी स्वतः प्रयोगशाळेत जाऊन विचारलं. तिथले साहेब सज्जन होते. म्हणाले, "आम्ही पिकाचं अन्न बघतो हो. विष बघायची सोय इथं नाही. ते नमुने लांब पाठवावे लागतात, आणि निकाल यायला वेळ लागतो." येळवस आठवड्यावर आली होती.

ते दिवस मला वाईट गेले. माझ्याकडं पुरावा काय? एक वास आणि वळून गेलेल्या मुंग्या. पावडर केव्हाच विरून गेली असेल, माझं नाकच म्हातारं झालं असेल. एका बाईनं इतक्या वर्षांनी आपल्या घरातलं काही हाती आणलं होतं, आणि मी जाऊन त्याला विष म्हणालो. दुसऱ्या कुणाची माती असती तर मी निर्धास्त झोपलो असतो. बायकोला सांगितलं तर ती पहिल्यांदाच मातीवरून मला बोलली नाही. म्हणाली, "बुरा लगेगा उनकू. लगने दो." अक्कांना वाईट वाटेल, वाटू दे.

येळवसच्या आदल्या दिवशी सकाळी मी दुकान उघडत होतो तर गयाक्का बाकावर बसलेल्या. नेहमीसारखी त्यांची नजर फुटक्या बादल्यांवर नव्हती. मी शेजारी बसलो. रस्त्यावरून पोरं सायकलींवर क्लासला निघाली होती.

"एक इचारते," त्या म्हणाल्या. "तुमची लेक असती तर तिला ती भाजी घातली असती का?"

"नाही."

"आन् तुमची माती असती, तुमच्या माणसांची?"

"तरी नाही अक्का."

त्यांनी मान हलवली. मग हळू आवाजात सांगू लागल्या, "काल टबातल्या हरभऱ्याचे शेंडे खुडलालते. खुडता खुडता हाताला त्यो पावडरीचा वास आला आन् आठवलं. मालक बळदात पावडर टाकून आले की उंबऱ्याच्या आत येत न्हवते. आडावर जायचे. राखंनं हात धुवायचे, पुन्हा धुवायचे, कापडं तिथंच पिळायचे. पोरगं धावत जायचं त्यांच्याकडं, तर लांबूनच वरडायचे, हात लावू नगं, माझ्या अंगाला पावडर हाय. त्या रात्री त्याला जवळ घेऊन झोपत बी न्हवते." त्या थांबल्या. "मी तवा हसायचे त्यांना. लईच भेतेत म्हणून. काल समजलं. ते पोराला लांब ठेवायचे त्या पावडरीपासून, आन् मी त्यांच्या नातवाला तीच खाऊ घालायला निघाले हुते."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि माझ्याही होतं. धंद्यात इतकी वर्षं काढली, पण एखाद्या मेलेल्या माणसानं इतक्या वेळेवर साक्ष दिलेली मी दुसरी पाहिली नाही.

त्या दिवशी आम्ही गच्ची रिकामी केली. तोंडाला फडकी बांधली, हातात पिशव्या घातल्या, माती आधी थोडी ओली केली म्हणजे उडायला नको. संगीताला वर येऊ दिलं नाही. भाजी मुळासकट उपटून पोत्यांत बांधली. जनावराला घालायची नाही आणि खताच्या खड्ड्यातही टाकायची नाही, हे मी बजावलं; ती पोती तशीच कचऱ्याच्या गाडीत गेली. तो भरलेला वाल उपटताना गयाक्कांचा हात एकदाही अडला नाही. मला मात्र अडखळायला झालं.

येळवस झाली. कोप उभी राहिली, पांडव बसले, पोरं पंगतीला आली. भाजी बाजारातून आणली होती. मला वाढताना गयाक्का म्हणाल्या, "रशीदभाऊ, ह्या बाजारच्या भाजीला कुणी काय काय फवारलंय ते वळखताव का तुमी?"

"नाही अक्का."

"मग गप जेवा," म्हणाल्या आणि आणखी एक पळी वाढली. कोबीच्या गड्ड्याला कुठला आहेस म्हणून विचारून तो सांगत नाही. आपल्या हातात जे आहे तेवढं तरी विचारावं. टाकून दिलेली माती जरूर वापरा, मी आयुष्यभर तीच वापरली. पण गॅरेजच्या मागची, बॅटरीच्या दुकानापुढची, खरवडलेल्या जुन्या रंगाच्या भिंतीखालची, दवाखान्याच्या पिछाडीची आणि जिथं धान्याला औषध लागायचं तिथली माती खायच्या भाजीला घेऊ नका. चवळीनं कितीही हो म्हटलं तरी घेऊ नका. मामूंचा प्रश्न आधी, चवळी नंतर.

पण माती उरलीच होती. पोत्यांत भरून जिन्याखाली रचलेली. दुसऱ्याला द्यायची नाही, नाल्यात टाकायची नाही, रानात तर नाहीच. मी म्हणालो, मी लांब कुठंतरी खड्डा घेऊन पुरतो. गयाक्का म्हणाल्या, "फेकायची न्हाई." मी म्हणालो, फेकत नाही, पुरतो. त्या म्हणाल्या, "एकदा पुरलीया की. पुन्हा कशाला?"

शेवटी त्यांनीच तोड काढली. घरापुढं पोरांना चपला काढायला बसायला जागा नव्हती. तिथं ओटा बांधायचा. गवंडी बोलावला. खाली कोबा, चारी बाजूंनी विटा, आत ती सगळी माती दाबून भरली, वरून पुन्हा सिमेंट आणि त्यावर शहाबादी फरशी. पाण्याला आत जायला वाट नाही आणि मुळालाही नाही. गवंडी मला बाजूला घेऊन म्हणाला, "चाचा, मुरूम टाकला असता तर काम सोपं झालं असतं." मी म्हणालो, बाबा, जे सांगितलंय ते कर.

त्या मातीत खरंच किती विष होतं, होतं की नव्हतं, हे मला आजही माहीत नाही. नमुना लांब पाठवायचा राहून गेला. नंतर गयाक्कांनी विषय काढला नाही आणि मलाही धीर झाला नाही. एखादे वेळी वाटतं, नसेलच काही, आणि मग त्या उपटलेल्या वालाची फुलं डोळ्यांपुढं येतात. ही रुखरुख माझ्याबरोबरच जाईल.

संगीताला मुलगी झाली. उदगीरला गेली, आली, पुन्हा गेली. मुलगी चालायला लागल्यावर एकदा मी कढीपत्त्याचं रोप द्यायला गेलो होतो. उन्हाळ्याची सकाळ होती. पोरगी ओट्यावर चढून मधोमध बसली होती आणि वाटीनं फरशी बडवत होती. संगीता आतून ओरडली, "आगं आई, त्या तापल्या दगडावरून उठव की तिला, आत आण."

गयाक्का दारात तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"बसू दे," म्हणाल्या, "आज्याच्या मांडीवर बसलीय."